काटेसाहेबांनी घालवलेले नऊ मार्क

आमच्या बाबांना गावात नावाने कोणी हाक मारत नाही. ते काटेसाहेब. वजनमाप खात्यात निरीक्षक. दुकानादुकानांतले काटे तपासायचे, बरोबर असेल त्यावर शिक्का मारायचा, नसेल तो बंद करायचा, हे त्यांचं गेल्या बावीस वर्षांचं काम. खांद्याला एक चामडी पिशवी, आणि तिच्यात मखमलीच्या खाचांत बसवलेली पितळी वजनं. ही पिशवी घेऊन ते रस्त्याच्या एका टोकाला दिसले की दुसऱ्या टोकापर्यंतचे दुकानदार फडकी काढून आपापली पारडी पुसायला लागतात. आई म्हणते, यांच्या नुसत्या येण्याने सगळा बाजार स्वच्छ होतो, घरातलं एक फडताळ तेवढं होत नाही.

माणूस सुतासारखा सरळ. आणि सरळ माणसाबरोबर राहणं किती अवघड असतं हे फक्त त्याच्या घरच्यांना ठाऊक. माझ्या मामांचं खिळे-मोळ्यांचं दुकान आहे. एका वर्षी त्यांचा काटा चाळीस ग्रॅमने हलका निघाला. बाबांनी सख्ख्या मेव्हण्याला दंड केला, वर त्यांच्या दुकानातला चहाही घेतला नाही, कारण तपासणीच्या दिवशी चहा घेणं नियमात बसत नाही. मामा त्यानंतर वर्षभर आमच्या घराची पायरी चढले नाहीत. चढले तेव्हा चहा मात्र दोन कप प्यायले.

आता दिव्याखालचा अंधार सांगतो. आई दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसते आणि सुट्टीच्या दिवशी ओळखीपाळखीत केक करून देते. त्यासाठी स्वयंपाकघरात एक छोटा काटा आहे. तो मी शाळेत होतो तेव्हापासून वीस ग्रॅम कमी दाखवतो. बाबा दर महिन्याला म्हणायचे, पुढच्या रविवारी बघतो. तो रविवार काही उजाडला नाही. मग घरातल्या सगळ्यांनाच सवय झाली. मैदा ठेवायचा, आकडा वाचायचा, मनात वीस मिळवायचे. धाकटीला पाढे नीट यायच्या आधी हे वीस मिळवणं येत होतं. पाहुणे हसायचे आणि बाबासुद्धा त्यांच्याबरोबर हसायचे.

धाकटी म्हणजे माझी बहीण. माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान आणि अकलेने तितकीच मोठी. तिने अर्ज केला होता तो अशा कॉलेजात, जिथे चार हजारांतून चाळीस मुलं घेतात. त्या कॉलेजचं फाटकसुद्धा मी पाहिलेलं नाही. माझ्या मार्कांनी मला तेवढा त्रास पडू दिला नाही. तिचे मागच्या सगळ्या वर्षांचे मार्क उत्तम, शिक्षकांची पत्रं उत्तम, निबंध उत्तम. पण कॉलेजवाल्यांची एक मेख होती. शाळेच्या शेवटच्या वर्षात मुलं सैलावतात असा त्यांचा अनुभव, म्हणून शेवटच्या वर्षाच्या सहामाहीचे मार्क शाळेने महिनाअखेर कळवायचे. शास्त्राच्या एकाही विषयात ऐंशीच्या खाली गेलात तर अर्ज बाजूला काढून ठेवणार.

ऐंशी हा आकडा आमच्या घरात सहावा माणूस असल्यासारखा राहायला आला. आम्ही मुळात चौघंच, पण त्याने दोन माणसांची जागा घेतली होती. धाकटी वर्तमानपत्राच्या कडेला सरासऱ्या काढायची, औषधाच्या पाकिटांवर काढायची. एकदा न्हाणीघरातल्या आरशावर वाफ धरली होती, त्यात बोटाने ८० लिहिलेलं दिसलं. जेवताना घास हातात धरून मध्येच विचारायची, "समजा एकोणऐंशी पूर्णांक पाच आले, तर ते ऐंशी धरतील?" आई म्हणायची, "आधी जेव." बाबा म्हणायचे, "अपूर्णांकाबद्दल त्यांचा नियम काय आहे ते बघावं लागेल." असं उत्तर ऐकल्यावर घास खाली ठेवण्यावाचून माणूस दुसरं काय करणार?

सोमवारी मार्क कळले. गणित त्र्याण्णव, पदार्थविज्ञान अठ्ठ्याऐंशी. रसायनशास्त्र अडुसष्ट.

लेखी परीक्षेत सत्तरपैकी सत्तावन्न, ते तिच्या मानाने बेताचेच, पण चालले असते. माशी शिंकली होती प्रॅक्टिकलला. तीसपैकी अकरा. ज्या मुलीच्या हातून काचेची नळी कधी टिचकली नाही तिला अकरा. आई दवाखान्यातून आली तेव्हा धाकटी बूट न काढता पलंगाच्या कडेला बसलेली होती. अडुसष्टावरून ऐंशीवर जायला बारा कमी पडतात, हे ती सांगत होती. जणू आम्हाला वजाबाकी येत नाही.

खोदून खोदून विचारल्यावर काय झालं ते बाहेर आलं. परीक्षेत एक क्षार वेगळा करून, वाळवून त्याचं वजन करायचं होतं. धाकटीच्या कंपासपेटीत एक वीस ग्रॅमचं पितळी वजन असतं, बाबांच्या जुन्या संचातलं. बाकीच्या मुली पेटीत आरसा ठेवतात, आमची वजन ठेवते. प्रयोगशाळेच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर काही ठेवायच्या आधी तिने सवयीने ते वजन ठेवून पाहिलं. काट्याने एकोणीस पूर्णांक दोन दाखवले. म्हणजे काटा खोटा. दुसरी कुठलीही मुलगी असती तर तिने हे पाहिलंच नसतं, आणि पाहिलं असतं तर बाईंना हाक मारली असती. आमच्या पोरीने प्रत्येक आकडा मनातल्या मनात सुधारला आणि सुधारलेलाच कागदावर लिहिला. तिचं उत्तर आलं पाच ग्रॅम. बाईंनी आदल्या दिवशी त्याच काट्यावर स्वतः करून पाहिलं होतं, त्यांचं आलं होतं चार पूर्णांक आठ. सगळ्या वर्गाचंही तेवढंच. बाईंना तिचे आकडे मनाने लिहिलेले वाटले, आणि त्यांनी उत्तराचे दहा आणि नोंदींचे नऊ मार्क कापले.

हे ऐकून बाबांनी पहिला प्रश्न काय विचारावा?

"चिमट्याने ठेवलं होतंस ना वजन?"

"चिमट्यानेच."

"वीसला एकोणीस पूर्णांक दोन. म्हणजे शंभरला शहाण्णव." बाबांच्या चेहऱ्यावर एक क्षणभर असं काही आलं की मला वाटलं, हे आता तिची पाठ थोपटतात. आईलाही तेच वाटलं असावं, कारण ती म्हणाली की मुलीचं वर्ष पाण्यात चाललंय आणि तुम्हाला काट्याचं कौतुक सुचतंय.

मग बाबांनी दुसरा प्रश्न विचारला. "तक्त्यात काट्याने दाखवलेले मूळ आकडे लिहिलेस? सुधारणा कशी केली ते?"

धाकटी म्हणाली, "नाही. मनात करून लिहिलं. घरी करतो तसं."

बाबा उठून पाणी प्यायले आणि पेला हातात घेऊन तसेच ओट्याशी उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी आईने तोफ डागली. तुम्ही निरीक्षक ना, मग जा आणि शाळेचा काटा बंद करा. बाबांनी समजावलं की शाळेच्या काट्यावर काही विकत नाहीत, त्यामुळे तो त्यांच्या कायद्यात बसत नाही. आई म्हणाली, "कायद्यात मुलगी बसते का तेही बघा जरा." शेवटी बुधवारी बाबांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. पिशवी मुद्दाम घरी ठेवली, कारण पिशवी नेली तर बाप जाणार नाही, निरीक्षक जाईल. मला बरोबर घेतलं. मी छपाईच्या दुकानात मजकूर टाइप करतो, तिथून तासाभराची सुट्टी काढली. माझं काम त्यांनी वाटेत सांगितलं, "बोलता बोलता मी खात्यात बोलल्यासारखा बोलायला लागेन. लागलो की मला थांबव." स्वतःचा दोष इतका अचूक ओळखणारा आणि तरीही तो न सोडणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

प्रयोगशाळेत तीन लांब टेबलं, त्यांवर ॲसिडचे पिवळे डाग, कोपऱ्यात गळका नळ. रसायनशास्त्राच्या बाई ठेंगण्या, चष्मा साखळीने गळ्यात अडकवलेला, बाहीला खडूची पांढरी किनार. मला वाटलं होतं भांडण होईल. झालं नाही. बाबांनी सगळं सांगितलं, बाईंनी सगळं ऐकलं, आणि कपाटातून प्रयोगशाळेची वजनपेटी काढून पन्नास ग्रॅमचं वजन काट्यावर ठेवलं. अठ्ठेचाळीस. पुन्हा उचलून ठेवलं. अठ्ठेचाळीस. बाई स्टुलावर बसल्या.

"अकरा वर्षं वापरतेय मी हा," त्या म्हणाल्या.

बाबा म्हणाले की काटे हळूहळू बिघडतात, रोज बघणाऱ्याला कळत नाही. हे त्यांनी इतक्या प्रेमाने सांगितलं की मामा तिथे असते तर त्यांना रडू आलं असतं.

बाईंनी धाकटीचा पेपर काढला. उत्तर बरोबर आहे, चूक माझी आहे, असं म्हणून लाल पेनने दहा मार्क वाढवले. बाकीच्या वर्गाचं काय, ते त्यांनी स्वतःशीच ठरवलं. पोरांनी काट्यावर दिसलं ते लिहिलं, त्यांचा काही दोष नाही, त्यांचे मार्क तसेच राहतील. अकराचे एकवीस झाले. अडुसष्टाचे अठ्ठ्याहत्तर. मी मनात मोजत होतो. राहिले नोंदींचे नऊ. ते मिळाले की सत्त्याऐंशी, आणि आम्ही सगळे सुटलो.

बाई तक्त्यावर पेन धरून थांबल्या. "हे आकडे काट्यावर कधी दिसलेच नसणार," त्या म्हणाल्या. "नियमाने द्यायला नकोत. पण मुलीची मेहनत मला ठाऊक आहे, आणि काटा आमचा. मला द्यावेसे वाटतायत." मग त्यांनी चष्मा काढून बाबांकडे पाहिलं. "तुम्ही तर याच कामातले. तुमच्याकडे एखाद्याने मूळ आकडा न लिहिता नुसता सुधारलेला लिहिला, तर तुम्ही काय करता?"

मी टेबलाखालून बाबांना पाय मारला. तो टेबलाच्या पायाला लागला. स्टँडमधल्या परीक्षानळ्या किणकिणल्या, बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मी खाली काहीतरी पडल्यासारखं वाकलो.

बाबांनी पेपर जवळ ओढला. धाकटीचं सुंदर अक्षर, एकही खाडाखोड नाही. ते एकेक आकडा वाचत गेले. त्यांना बेरीज येत होती. ऐंशीला दोन कमी पडतात हे त्या खोलीत त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

"मूळ आकडा नसेल तर आम्ही नोंद धरत नाही," ते म्हणाले.

बाईंनी पेन खाली टेकवलं नाही. बाबा आणखी काही म्हणतील, 'पण' म्हणतील, 'तरीही' म्हणतील, असं त्यांना वाटलं असावं. मलाही वाटलं. नळ गळत राहिला. मग बाईंनी त्या रकान्यापुढे शून्य तसंच ठेवलं आणि खाली सही केली.

परत येताना स्कूटर मी चालवत होतो, त्यामुळे मला त्यांचं तोंड बघावं लागलं नाही. मी म्हटलं, खोटं बोला असं कुणीच म्हणत नव्हतं, 'तुम्हाला योग्य वाटेल ते करा' एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. बाबा मागून म्हणाले, "पुरलं असतं." पुढे चौकात दिवा हिरवा झाला तेव्हा त्यांनी माझ्या खांद्यावर बोट टेकवून तो दाखवला.

धाकटी दारातच होती. किती, तिने विचारलं. मी अठ्ठ्याहत्तर म्हटलं. तिचा हिशोब माझ्यापेक्षा पक्का. "मग नऊ का नाही दिले?"

नाही दिले बाईंनी, काय करणार, असं मी म्हणणार होतो. ते खोटंही नव्हतं. तोंड उघडलंही होतं.

"नऊ मी घालवले," बाबा म्हणाले, आणि प्रयोगशाळेत काय झालं ते अक्षरन् अक्षर सांगितलं.

तिने दार आपटलं असतं तर बरं झालं असतं. तिने ते हलक्या हाताने लावून घेतलं. मग आई बोलली. ती ओरडली नाही, तेच जास्त जड गेलं. भावाला दंड केलात तेव्हा मी तुमच्या बाजूने उभी राहिले, ती म्हणाली, कारण ते दुकान होतं. हे तिचं आयुष्य आहे. तुम्हाला गप्प बसायला एवढं जड का जातं?

बाबा खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. "काटा आपल्याही घरात खोटाच होता ना," ते म्हणाले. "बारा वर्षं ती तेच बघत आली. दुसऱ्याच्या दुकानात मी नोंदी मागतो आणि घरी म्हणतो, मनात वीस मिळवा. तिने दुसरं शिकायचं कुठून? आणि तेच पुन्हा मीच चालवून घ्यायचं?"

आईचा राग मात्र गेला नाही. राग उत्तरापेक्षा टिकतो.

कॉलेजच्या फॉर्मवर मार्क ऐंशीखाली असतील तर कारण लिहायला दहा ओळींचा चौकोन होता. तो विद्यार्थ्याने स्वतः भरायचा. धाकटीने कागदावर लिहून टाइप करायला माझ्याकडे आणून दिलं. सात ओळी. काटा चुकीचा होता, मी आकडे सुधारले, मूळ आकडे लिहिले नाहीत, म्हणून नोंदींचे मार्क कापले गेले ते बरोबर आहे. बस. मी म्हटलं, अगं, काटा अकरा वर्षं चुकीचा होता हे लिही, बाईंनी चूक कबूल केली हे लिही, अजून तीन ओळी शिल्लक आहेत. ती म्हणाली, "चौकोन माझ्या कारणासाठी आहे, त्यांच्या नाही." एका घरात दोन काटेसाहेब म्हणजे फार झाले, असं मी मनात म्हटलं आणि सात ओळी टाइप केल्या. शुक्रवारी फॉर्म गेला.

पुढचे पाच आठवडे बाप-लेकीत संभाषण होतं, पण ते आईच्या मार्फत. "आई, बाबांना सांग पाणी तापलंय." बाबा टेबलाच्या पलीकडेच बसलेले असायचे. ते म्हणायचे, "तिला सांग, आलो." आई म्हणायची, मी दवाखान्यातही निरोप्या आणि घरीही निरोप्या. रोज संध्याकाळी धाकटी कॉलेजच्या संकेतस्थळावर जाऊन अर्जाची स्थिती बघायची. तिथे रोज एकच शब्द असायचा, विचाराधीन. ती तो बघून खोलीतून बाहेर आली की बाबा तिच्या चेहऱ्याकडे बघायचे आणि लगेच वर्तमानपत्र वर करायचे. एकदा ते उलटं धरलेलं होतं. मी सांगितलं नाही.

याच दिवसांत बाजारात एक बातमी पसरली. काटेसाहेबांनी एका पीठगिरणीच्या काट्यावर शिक्का मारताना पुढच्या वर्षाचा मारला. बावीस वर्षांत पहिली चूक. गिरणीवाला काटा काखेत मारून आमच्या घरी आला. त्याला आनंद लपवता येत नव्हता. "साहेब, मला एक वर्ष फुकट दिलंत की." बाबांनी त्याची माफी मागितली, शिक्का खोडला, नवा मारला आणि आपल्या वहीत स्वतःच्या नावापुढे चूक लिहून ठेवली. गिरणीवाला जाताना मला बाजूला घेऊन विचारत होता, साहेबांची तब्येत बरी आहे ना?

सहाव्या आठवड्यात पत्र आलं. 'हो' नाही आणि 'नाही'ही नाही. आपलं स्पष्टीकरण वाचलं, अर्ज बाजूला काढलेला नाही, निर्णय वार्षिक निकालापर्यंत राखून ठेवत आहोत. रसायनशास्त्रात ऐंशी किंवा त्याहून जास्त मिळाल्यास प्रवेश, कमी मिळाल्यास नाही. धाकटीने पत्र तीनदा वाचलं. मला वाटलं, नाचेल. ती पांढरी पडली होती. संपलं म्हणून जे वाटत होतं ते आणखी चार महिने चालणार होतं, आणि या वेळी चौकोन नव्हता.

मग ती पत्र घेऊन सरळ बाबांसमोर जाऊन बसली. आई मध्ये नव्हती.

"वार्षिकला परीक्षक बाहेरून येतात," ती म्हणाली. "काटा कुठला असेल माहीत नाही. खोटा निघाला तर कागदावर आधी काय लिहायचं, मग काय, ते तुमच्या वहीत असतं तसं मला शिकवा."

बाबांनी खुर्ची पुढे ओढली. मग त्यांनी कोरा कागद मागितला.

हे लिहितोय तेव्हा प्रॅक्टिकलला अकरा दिवस उरलेत. त्या दिवसापासून दोघं रोज संध्याकाळी बसतात. दाखवलेलं वजन, खरं वजन, फरक, सुधारणेचं कारण, असे रकाने. ती भरते, बाबा तपासतात, आणि कारणाचा रकाना रिकामा दिसला की कागद न बोलता परत सरकवतात. तीही न बोलता घेते. धाकटीची नखं आता कुरतडायला शिल्लक नाहीत, म्हणून ती पेन्सिलीवर उतरली आहे. काल आईने पोळपाटावरून मान वर करून विचारलं, "आणि एवढं करून एकोणऐंशी आले, तर?"

धाकटीने बाबांकडे पाहिलं. बाबांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला.

"तर एकोणऐंशी," ते म्हणाले. मग त्यांनी पट्टी उचलून पुढच्या कागदावर रेघा आखायला घेतल्या.